नसलेल्या शिट्टीची डबी

६ जानेवारी

चि. खुडबुड्या,

अनेक आशीर्वाद. बासष्ट वर्षांच्या बाप्याला चिरंजीव म्हणायला मला काही वाटत नाही. मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि तुझं नाक पुसलेलं आहे.

पाकीट बघून दचकला असशील. ताई गेली की काय, असं मनात आलंच असेल. गेले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ‘हॅलो, हॅलो’ करून माझे कान किटलेत. आता फोन उचलायचाच नाही असं मी नव्या वर्षात ठरवलंय. ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्यानं पत्र लिहावं. अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करावी.

सगळं सावकाश करायचं ठरवलंय बघ. मिक्सर माळ्यावर टाकला, वाटण हातानं वाटते. शाईचं पेन काढलं, बोटं निळी होतात, पण निब कागदावरून जाताना जो बारीकसा आवाज येतो ना, तो ऐकत बसावंसं वाटतं. कालची पूर्ण सकाळ मी बटणांचा डबा ओतून रंगांप्रमाणे बटणं लावत होते. शेवटी डोळे भरून बघितलं आणि परत डब्यात भरली. नोकरीत होते तेव्हा मला वाटायचं दिवस केवढासा असतो. चांगला ऐसपैस असतो रे.

आता कामाचं. आईची भरतकामाची लहान कात्री आठवते? तिला हात लावलास म्हणून तू धपाटा खाल्ला होतास ती. मोठं घर सोडून या एका खोलीत आले तेव्हा मी सगळं वाटून टाकलं, ही तेवढी मागे राहिली. फडक्यात गुंडाळून कपाटात पडलीय. तू म्हणे आता वस्तूचं माप घेऊन छोट्या डब्या करतोस, उडत उडत कळलं. हिच्यासाठी एक करून पाठव. लांबी नव्वद मिलिमीटर, रुंदी अठ्ठेचाळीस, जाडी आठ. पट्टीनं घेतलंय, अंदाजपंचे नाही.

उत्तर पत्रानंच दे. फोन केलास तर उचलणार नाही.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला आता गुडघे राहिले नाहीत, तेव्हा उभ्यानंच घे.

दचकलो खरा. आमच्या पोस्टमनलाही आश्चर्य वाटलं, त्यानं पाकीट दोनदा उलटून बघितलं आणि म्हणाला, “हाताने लिहिलेलं आहे!” मी तुला फोन केला होता, हे आधीच कबूल करतो. वाजून वाजून थांबला. तू एकदा ठरवलंस की ब्रह्मदेवाचं ऐकत नाहीस, तिथे माझी काय कथा.

कात्री आठवते. धपाटाही आठवतो. तुझी आई माझी सख्खी आत्या खरी, पण हात फार जड होता तिचा.

डबी सोबत आहे. औषधाच्या कंपनीत मी बावीस वर्षं खोकी कापली, दिवसाला चाळीस हजार. बाटली काढली की खोकं केराच्या टोपलीत. एवढं फेकण्यासाठी माणसानं आयुष्यभर काम करावं का, असं मनात यायला लागलं तेव्हा सोडलं. आता आठवड्याला दोन डब्या होतात. पुठ्ठ्याला वाकायची एक दिशा असते, ती चुकवून कापला तर डबी महिन्याभरात तोंड वाकडं करते. म्हणून आधी पुठ्ठा हातात धरून दोन्हीकडून वाकवून बघायचा. खळ घरीच शिजवतो. कापड लावलं की दोन दिवस वजनाखाली. त्या दोन दिवसांत डबी उघडून बघायची नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं.

माझा नियम एकच आहे: आत काय ठेवणार ते कळल्याशिवाय मी डबी करत नाही. परवा एक गृहस्थ स्वतःच्या मिशा ठेवायला डबी मागत होते. मिशा काढून टाकल्यात म्हणे, पण जीव अडकलाय. त्यांनाही करून दिली.

झाकण दाबायचं नाही. वर टेकवायचं आणि हात काढून घ्यायचा. आतली हवा बाहेर पडत पडत ते आपलं आपण खाली बसतं. किती सेकंद लागतात ते मोज. सहाच्या आत बसलं तर डबी परत पाठव, मी नाव लावणार नाही.

दुकानात गर्दी आहे, जास्त लिहीत नाही.

तुझा खुडबुड्या

४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्या,

नऊ सेकंद! घड्याळ समोर ठेवून मोजले. आधी वाटलं अडकलं, आणि मग बघते तर हळूहळू खाली चाललंय. मेल्या, हे तू केलंस? तुला तर शाळेत साधा कागदाचा पंखा करता येत नव्हता.

कात्री आत अशी बसली की हलवली तरी आवाज नाही. आतलं राखाडी कापड मी गालाला लावून बघितलं, हसू नकोस. दिवसातून दहा-बारा वेळा झाकण काढते आणि परत ठेवते. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई विचारत होती, “दार लावून काय करता हो दिवसभर?” मी हातानंच सांगितलं, काही नाही. तिला दाखवली नाही डबी. माझी आहे.

आता अजून एक वस्तू सापडली. मामांनी मला एक लाकडी शिट्टी आणून दिली होती, तुला आठवत नसेल, तू लहान होतास. तिला डबी कर. माप बेचाळीस बाय बेचाळीस, उंची एकशे आठ.

घाई नाही. पण पत्र मात्र लवकर लिही. पार्सल नंतर आलं तरी चालेल.

तुझी ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

शिट्टी आहे की तुतारी? बेचाळीस मिलिमीटर जाड शिट्टी तोंडात धरायची म्हणजे तुझे गाल कुठे गेले असते! तुझे मामा म्हणजे माझेच बाबा, त्यांनी भाचीलाच काय म्हणून दिली, मला का नाही, हाही प्रश्न आहेच. पण तू म्हणतेस तर असेल. पट्टीनं माप घेतलंस ना? डबी पाठवतोय. उभट झाली, म्हणून झाकण वरून न करता निम्म्यावर केलं. चौदा सेकंद भरले, मी तीनदा मोजले.

इकडे गर्दी फार. दुकानात बसायला जागा नाही.

एक विचारू? फोन मी काल पुन्हा केला होता. एकदा उचलून नुसतं ‘हं’ म्हटलं असतंस तर बरं वाटलं असतं. तुझा आवाज ऐकून तीन-चार वर्षं झाली असतील. एक्स्चेंजमधले लोक म्हणायचे, हिचा आवाज ऐकायला लोक ट्रंककॉल लावून वाट बघत बसतात. असो. तू आणि तुझं सावकाश जगणं.

तुझा खुडबुड्या

१० मार्च

चि. खुडबुड्या,

चौदा नाही, मी पंधरा मोजले. तुझं घड्याळ पुढे पळतं.

पार्सल उघडायला मी परवा दोन तास घेतले. दोरीची गाठ कात्रीनं न कापता नखानं सोडवली. कागद सरळ करून घडी घातली. मग चहा केला, मग बसले. एका दिवसात एवढं सगळं उरकून टाकलं तर उद्या काय करायचं, असं आता वाटतं मला. रविवारी तर फार जड जातं. खाली रस्त्यावरून लोक जोडीजोडीनं जातात, काहीबाही बोलत, ते खिडकीतून ऐकू येतं. त्यांच्या वाक्यांचे अर्धे अर्धे तुकडे ऐकत मी उभी राहते. अर्धं वाक्य पुढे काय झालं असेल ते मी मनात पूर्ण करते. जुनी खोड, दुसरं काय.

वस्तू सापडतच आहेत. आईचा चष्मा मिळाला, पंच्याण्णव बाय चाळीस बाय वीस. आणि एक लहान लाकडी बाहुली, तेहेतीस बाय तेहेतीस, उंची एकशे वीस. दोन्हींना कर. घाई नाही हं.

तुझ्या गिऱ्हाइकांचं लिही. तो मिशांचा माणूस पुन्हा आला का?

तुझी ताई

२८ मार्च

ती. ताई,

दोन डब्या तयार आहेत. पाठवत नाही.

मी पुठ्ठ्यात काम करतो म्हणून माझं डोकं पुठ्ठ्याचं झालेलं नाही. आत्याचा चष्मा मी रोज बघितलाय, बशीएवढ्या काचा होत्या त्याच्या. तो वीस मिलिमीटरच्या डबीत ठेवायचा तर आधी हातोडा घ्यावा लागेल. आणि बाबांनी तुला शिट्टी दिली? माझ्या बाबांनी? ज्यांना कुकरच्या शिट्टीनं डोकं दुखायचं? तू खोटं लिहितेस, ताई. शिट्टी नाही, चष्मा नाही, बाहुलीसुद्धा नसणार.

कारण मला कळलंय. तुझ्या कानावर गेलं असणार की माझं दुकान वर्षापूर्वी बंद झालं. हो, झालं. गर्दीबिर्दी सगळी थाप होती. मिशांचा माणूस शेवटचा आला होता, त्यालाही चौदा महिने झाले. मी घरी खिडकीपाशी टेबल टाकून बसतो आणि पुठ्ठे वाकवून बघतो. तुला वाटलं, बिचारा एकटा बसलाय, काहीतरी काम काढून देऊ. लहानपणी मी रुसलो की तू मुद्दाम पत्त्यांचा डाव हरायचीस, तसंच ना हे? तेव्हाही मला कळायचं आणि तेव्हाही मला राग यायचा.

आणि आता निघालंच आहे तर बोलून टाकतो. माझी बायको गेली तेव्हा तू आली नाहीस. सहा वर्षं झाली. दुरून दुरून माणसं आली, जिची आणि आमची नीट ओळख नव्हती ती समोरच्या बिल्डिंगमधली बाई चार दिवस स्वयंपाक करत होती. तुझं काय आलं? कार्ड. “झालं ते फार वाईट झालं. धीर धर. तब्येत सांभाळ. ताई.” चार ओळी, त्यात सहीची एक. ते कार्ड अजून आहे माझ्याकडे. त्याला डबी केलेली नाही.

मला दया नको. तेव्हा हवी होती.

खुडबुड्या

१४ मे

चि. खुडबुड्या,

सात आठवडे झाले. अकरा पत्रं लिहिली आणि फाडली. हे बारावं.

आधी कार्डाचं. तू जे लिहिलंस ते खरं आहे आणि मला त्यावर बोलायला तोंड नाही. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मी तिकीट काढलं होतं. पिशवी भरून स्टेशनवर गेले, फलाटावरच्या बाकावर बसले. तुझ्यासमोर जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, तेवढंच ठरवत होते. गाडी आली. मला वाक्य सापडेना. चौतीस वर्षं मी लोकांची वाक्यं एकमेकांपर्यंत पोचवली, रे. नंबर जोडला की आपण लाइनमधून बाजूला व्हायचं, ऐकत थांबायचं नाही, हा नियम. माणूस रडायला लागलं की मी बाजूला होते, हाताला सवयच लागलीय. गाडी गेली. मी बाकावर बसून ते कार्ड लिहिलं आणि स्टेशनातल्याच पेटीत टाकून घरी आले. घरी येऊन दिवसभर पिशवी रिकामी केली नाही. एवढंच. माफी मागायची मला लाज वाटते, म्हणून मागत नाही, पण तू समज.

आता डब्यांचं. तुझं दुकान बंद झालं हे मला तुझ्याच पत्रातून कळलं, देवाशप्पथ. दया वगैरे काही नव्हतं. उलट तुझ्या दुकानातली गर्दी वाचून मी खूश व्हायचे, म्हणायचे, बरंय, आपल्यातलं एक तरी माणसांत आहे.

शिट्टी नाही. चष्मा नाही. बाहुली नाही. माझ्याकडे डबीत ठेवण्यासारखं त्या कात्रीशिवाय काहीच उरलेलं नाही. घर सोडताना मोठ्या दिमाखात सगळं वाटलं ना! लोक म्हणाले, केवढी विरक्त बाई. आता त्या विरक्तीला मी काय करू? तुझी पहिली डबी आली तेव्हा कितीतरी वर्षांनी माझ्या दारावर माझ्या नावाचं काहीतरी आलं. कुणीतरी माझ्यासाठी दोन दिवस वजन ठेवून वाट बघितली होती. ते मला पुन्हा हवं होतं. डब्या नको होत्या रे, पार्सल हवं होतं. मग समोर जे दिसलं त्याचं माप घेतलं आणि तुला लिहिलं.

शिट्टीची डबी रिकामीच आहे. तरीही मी रोज झाकण ठेवते आणि मोजते.

रागावलास तरी लिही. रागाचं पत्रही मी चहा करून वाचते.

तुझी ताई

२२ मे

ताई,

तुझं पत्र सकाळी आलं. स्टेशनचं वाचलं. त्याबद्दल आता लिहीत नाही, समोर बसून बोलू. आता दुसरंच विचारायचं आहे आणि घाई आहे.

“समोर जे दिसलं त्याचं माप घेतलं.” हे वाक्य वाचलं आणि मी उठून खण उघडला. तुझ्या मापांच्या चिठ्ठ्या काढल्या.

बेचाळीस, बेचाळीस, एकशे आठ. मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. साठ मिलीची औषधाची बाटली. बावीस वर्षांत तिची लाखो खोकी कापलीत मी. पंच्याण्णव, चाळीस, वीस म्हणजे दहा गोळ्यांच्या दोन पट्ट्या. तेहेतीस, तेहेतीस, एकशे वीस म्हणजे घशात मारायचा फवारा, वर नळी असते म्हणून उंची जास्त. तू ‘शिट्टी’ लिहिलंस म्हणून मी गाढवासारखा शिट्टी शोधत बसलो. आकड्यांकडे बघितलंच नाही. दुसरं कुणी चुकलं असतं तर ठीक होतं, मी चुकायला नको होतं.

तुझ्या टेबलावर समोर दिसतं ते सगळं औषधच आहे का, ताई?

आणि फोन का उचलत नाहीस? शिंपीणबाईला हातानं का सांगितलंस?

काय झालंय ते सरळ लिही. लपवाछपवी केलीस तर तुझी शपथ, मी चष्म्याच्या डबीत तुला आत्याचा चष्मा कोंबून दाखवायला लावीन.

खुडबुड्या

२९ मे

चि. खुडबुड्या,

पकडलंस. एवढी वर्षं फुकट खोकी कापली म्हणून रडत होतास, बघ, उपयोग झाला.

घशात गाठ आहे. दिवाणखान्यातल्या गप्पा वगैरे माझ्या आयुष्यात नाहीतच, त्यामुळे आवाज बसलाय हे मला महिनाभर कळलंच नव्हतं. डिसेंबरात एकदा दूधवाल्याला हाक मारायला गेले आणि नुसती हवा बाहेर आली. तेव्हापासून फवारे, गोळ्या, बाटल्या. सावकाश जगायचं, फोन उचलायचा नाही, हे सगळं त्यावर घातलेलं पांघरूण होतं. तुला माझा हा आवाज ऐकवायचा नव्हता. लोक ज्या आवाजासाठी वाट बघायचे तो असा घोगरा झालेला तू ऐकू नयेस, एवढंच. आहे थोडी घमेंड, कबूल. पण पेन, बटणं आणि तुझ्या डब्या यांत खोटं काही नव्हतं. सुरुवात बहाण्यानं झाली आणि मग मला खरंच आवडायला लागलं.

डॉक्टर डिसेंबरअखेरीपासून मागे लागलेत, गाठ काढू या म्हणून. मी ढकलत राहिले. कारण फार बावळट आहे. फॉर्मवर एक रकाना असतो, जवळचे नातेवाईक. त्यानं सही करायची आणि बाहेर बसायचं. मी तुझं नाव लिहायचं मनात आणलं होतं. पहिल्या पत्रात ते विचारायचंच होतं, कात्री तर निमित्त. पण तुझ्या वेळेला मी बाहेर बसले नाही. मग कुठल्या तोंडानं? म्हटलं, दोन-चार पत्रं होऊ देत, मग विचारू. मग तुझं मार्चचं पत्र आलं, आणि विचारायचं राहिलंच.

आता नऊ जूनची तारीख दिलीय. रकान्यात मी ‘कोणी नाही’ लिहून टाकलं. तसं लिहिलं की स्वतःची सही चालते, अजून एक कागद भरावा लागतो इतकंच. किल्ली शिंपीणबाईकडे देऊन जाणार आहे.

तू येऊ नकोस. हे मी रुसून म्हणत नाही. गुडघे, प्रवास, आणि माझा हक्क नाही. झालं की लिहीन.

तुझी ताई

११ जून

ताई,

हे पत्र मी तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. मांडीवर फाईल घेतलीय, अक्षर समजून घे. तू आत आहेस, अजून गुंगीत. मला दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं सोडतात. तुझ्या उशाशी ठेवीन, जाग आली की वाच.

तुझं पत्र मला आठ तारखेला दुपारी मिळालं. संध्याकाळची गाडी पकडली. ती मधेच सात तास उभी राहिली, नाहीतर तुला आत नेण्याआधी पोचलो असतो. नऊला दुपारी तुझ्या दाराशी आलो, कुलूप. शिंपीणबाईनं आधी मला चोर समजून कात्रीच उगारली, मग पाणी दिलं आणि पत्ता दिला.

इथे वेगळंच. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “पेशंटला कोणी नाही असं लिहिलंय. तुम्ही कोण?” मी म्हटलं, भाऊ. म्हणाल्या, आडनाव वेगळं आहे. म्हटलं, ती माझ्या आत्याची मुलगी, पण एका ताटात वाढलो. म्हणाल्या, कागद दाखवा. आता एका ताटाचा कागद कुठून आणू? मी तिथेच भांडायला उभा राहिलो, तुला माहितीय माझा आवाज. शेवटी पिशवीतून तुझी पत्रं काढली आणि खिडकीत पसरली. म्हटलं, हे अक्षर बघा आणि तुमच्या फॉर्मवरचं बघा. त्यांनी बघितलं. मग त्या वाचतच बसल्या, मागे रांग लागली तरी. बटणांचं वाचून हसल्या. मग मला आत सोडायची चिठ्ठी दिली.

ताई, मी सारखा एकच हिशेब करतोय. मार्चचं ते पत्र मी लिहिलं नसतं तर तू मला एप्रिलात विचारलं असतंस. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी यायला हवं होतं. ते सहज बोलून गेले. मला ते सहज घेता येत नाही. तू एका बाकावर बसून गाडी सोडलीस आणि मी माझ्या टेबलाशी बसून तुला सोडलं. फिटंफाट झाली असं म्हणायला जीभ रेटत नाही.

तू डोळे उघड. बाकी सगळं मग बघू. डॉक्टरांनी अजून बरंच काही सांगितलंय, ते तू हिंडायफिरायला लागलीस की निवांत सांगेन. सोमवारचं परतीचं तिकीट आहे, तोपर्यंत आहेच.

तुझा खुडबुड्या

१५ जून

चि. खुडबुड्या,

तू माझ्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसलायस आणि मी तुला पत्र लिहितेय. नर्स मघाशी हसून गेली. हसू दे. पाटी आणि खडू दिलाय त्यांनी, पण पाटीवर ‘पाणी’ आणि ‘उशी’ लिहायची असते. हे कागदावरच लिहायचं आहे.

तू चार दिवस माझ्याशी एकट्यानं बोलतोयस. पुठ्ठ्याबद्दल, गाडीबद्दल, मिशांच्या माणसाबद्दल. मधेच थांबतोस आणि खिडकीबाहेर बघतोस. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला सांगता येत नाहीये. सोड. मला परवाच कळलंय. जिला बोलता येत नाही तिला ऐकूही येत नाही असं इथे सगळ्यांना वाटतं, माझ्या पायाशी उभं राहून बोलत होते. आवाज परत येणार नाही. गाठीबरोबर तोही काढला. गाठ पूर्ण निघाली की नाही, ते दोन महिन्यांनी कळेल.

काल मी चादरीत तोंड घालून रडले, आणि रडण्याचाही आवाज आला नाही, तेव्हा मला पटलं. फार वाईट वाटलं रे. खोटं कशाला सांगू.

दोन महिन्यांचा हिशेब तू करू नकोस. गाडी मी सोडली, फॉर्म मी ढकलला, शिट्टी मी रचली. तू एक रागाचं पत्र लिहिलंस आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला तुझा राग नाही.

आता मुख्य. उद्या सोमवार. सकाळपासून तू तिकीट खिशातून काढून बघतोस आणि परत ठेवतोस. तू मला विचारणार नाहीस, कारण मला ओझं वाटेल अशी तुला भीती. मी तुला सांगणार नाही, कारण माझा हक्क नाही. असं आपण दोघं शहाण्यासारखे गप्प बसलो तर उद्या अकराला तू जाशील, शिंपीणबाई मला घरी नेऊन सोडेल आणि दार लावून घेईल. मग त्या खोलीत काहीच आवाज असणार नाही. माझासुद्धा नाही. मला त्याची फार भीती वाटते.

आयुष्यात मी कुणाला थांब म्हटलेलं नाही. आता म्हणायला तोंड उरलं नाही, तेव्हा लिहून देते.

जाऊ नकोस.

उत्तर लिहीत बसू नकोस. वर बघ आणि नुसती मान हलव. मी तुझ्याकडेच बघतेय.

ताई